पडायच्या आधीची फाईल : कोल्हापुरात घरच्या ज्येष्ठांची सोय लावताना

सासूबाई पहाटे सहाला न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं आधार कार्ड सापडायला आम्हाला साडेआठ वाजले. कार्ड ट्रंकेत होतं, जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. त्याला जोडलेला मोबाईल नंबर धाकट्या दिरांचा, आणि तो त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला. दवाखान्यात सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड काढायला बसलो, तर ओटीपी जायचा त्या बंद नंबरावर. चेहरा दाखवूनही ओळख पटवता येते, हे त्या खिडकीवर आम्हाला कुणी सांगितलं नाही. खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे रोख भरले आणि गप घरी आलो.

त्यानंतर मी शहाणी झाले असं नाही, पण वही घातली. आता पुण्या-मुंबईची भाचरं फोन करतात, "मामी, आईसाठी कोल्हापुरात काय काय आहे गं?" काय आहे? बरंच आहे. पण एका छपराखाली नाही. थोडं महापालिकेकडे, थोडं तहसीलदार कचेरीत, थोडं विचारे माळला समाजकल्याणच्या कार्यालयात, थोडं पोलीस ठाण्यात आणि उरलेलं गल्लीत. म्हणून ज्या क्रमानं आम्ही करायला हवं होतं, त्या क्रमानं सांगते. गारगोटी-आजऱ्याकडून आई-वडिलांना नुकतंच शहरात आणलेल्यांनी पहिल्या महिन्यातच सुरुवात करावी. त्यांच्या ओळखी गावाकडे राहिलेल्या असतात.

१. आधी फाईल

बटणाची प्लास्टिकची फाईल घ्या. आत आधार, रेशन कार्ड, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चार फोटो, वर्षभराचे रिपोर्ट. सगळ्यात वर गोळ्यांची हातानं लिहिलेली यादी: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, केव्हा घ्यायची, आणि कुठलं औषध सोसत नाही. "ती पांढरी, सकाळची" असं रात्री दोनला डॉक्टरांना सांगून काही कळत नाही.

मग आधार नीट वाचा. खरंच वाचा, अक्षर न् अक्षर. त्याला जोडलेला नंबर चालू आहे का? आधारवर हौसाबाई आणि रेशन कार्डावर हौसाक्का असं तर नाही? जन्मतारीख काय लागलीय? आमच्या शेजारच्या आजींना वय विचारलं की म्हणतात, "गांधीबाबाचा खून झाला तवा मी रांगत होतो." म्हणजे जन्म १९४७ च्या आसपासचा. आधारवर मात्र १ जानेवारी १९५८. सरकारी योजना रांगण्यावर चालत नाहीत, आधारवर चालतात. त्यामुळे पंचाहत्तरी ओलांडलेली बाई कागदावर अजून सत्तरीलाही पोचलेली नाही. दुरुस्तीला शाळेचा किंवा जन्माचा दाखला लागतो, आणि तो गावच्या शाळेतून काढायला वेळ जातो. तब्येत बरी असतानाच हे उरकून घ्या.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर धुणं-भांडी आणि शेण-माती केलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही. तिथं हुज्जत न घालता "डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून घ्या" असं सांगायचं. माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर आधारच्या १९४७ या नंबरावर फोन करून घरी येऊन काम करण्याच्या सोयीबद्दल विचारा.

२. सत्तरीच्या पुढचं कार्ड

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यात भरती होऊन घेतलेले उपचार त्यात येतात. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून. कार्ड मोबाईलवरच्या आयुष्मान ॲपवरून निघतं, नाहीतर योजनेतल्या दवाखान्यात. चौकशीचा नंबर १४५५५.

सत्तरीच्या आतल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिथं रेशन कार्ड लागतं, आणि नंबर १५५३८८.

लोक फसतात ते पुढच्या गोष्टीत. ही कार्डं भरती झाल्यावरची आहेत. रोजची बीपीची गोळी, ओपीडीची फी, घरी ठेवलेली बाई, यातलं काही त्यात बसत नाही. आणि "आमच्याकडे योजना आहे" असं दवाखाना म्हणाला तरी तुमच्या दुखण्याचं ऑपरेशन त्या दवाखान्यात योजनेत होतं का, हा प्रश्न वेगळा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. डिपॉझिट भरण्याआधी त्याला गाठा. भरल्यानंतर गाठून उपयोग होत नाही, अनुभवानं सांगते.

३. आशाताई आणि जवळचं केंद्र

तुमच्या भागाचं नागरी आरोग्य केंद्र कुठलं, हे तीन घरं सोडून राहणाऱ्या बाळंतिणीला विचारा, तिला नक्की माहीत असतं. केंद्र फक्त लसीकरणासाठी आहे असा आपला समज असतो. बीपी-शुगर तपासून गोळ्या तिथंही मिळतात, आणि महिन्याच्या महिन्याला मोठ्या सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं वाचतं.

आशाताई घरी येतात तेव्हा एक फॉर्म भरतात. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा असतो, पण साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरायला होतं का. आमच्याकडे आशाताईंनी विचारलं, "आजी, तोल जातो का?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मी काय पडतो व्हय? मला काय झालंय!" हे न्हाणीत पडायच्या आधी चार महिन्यांचं. मी स्वयंपाकघरात होते, मला माहीत होतं की त्या भिंत धरून चालतात, तरी मी बाहेर येऊन बोलले नाही. सासूबाईंना आशाताईंसमोर खोटं पाडायचं जिवावर आलं. तुम्ही तसं करू नका. दारापर्यंत सोडायला जाऊन हळूच सांगा हवं तर, पण सांगा.

मोठ्या दुखण्याला सीपीआर. पुण्याहून आलेल्या एका सूनबाईंना शेजारी म्हणाले, "आजोबांना सीपीआरला न्या," तर त्या बिचाऱ्या आजोबांची छाती दाबायला धावल्या. नव्यांसाठी म्हणून खुलासा: सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजशी जोडलेलं. तिथं सकाळी लवकर जा आणि दोघं जा. एकानं केसपेपरच्या रांगेत थांबायचं, दुसऱ्यानं आजोबांजवळ बसायचं. एकटं माणूस ज्येष्ठाला घेऊन गेलं की अर्धा दिवस "तुम्ही इथंच बसा हं, मी आलेच" यातच जातो. महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय आणि पंचगंगा रुग्णालय ही नावंही वहीत लिहून ठेवा.

४. घरी बाई किंवा माणूस लावताना

सगळ्यात जास्त फोन मला याचसाठी येतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी काम ठरवा, मग माणूस शोधा. नुसतं उठवणं-बसवणं, अंघोळ, खाऊ घालणं असेल तर सांभाळणारी मावशी किंवा पुरुष रुग्णाला मामा पुरतात. लघवीची नळी, नाकातली नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर नर्सिंग शिकलेलं माणूसच हवं. पैसे वाचवायला मावशींच्या हातात नळी देऊ नका. आणि नर्सताई आल्या म्हणून त्यांना भाकरी थापायलाही सांगू नका. दोन्ही चुका कोल्हापुरात सर्रास होतात.

माणसं मिळतात दोन वाटांनी. एक ब्युरो, म्हणजे अशी माणसं पुरवणारी एजन्सी, दुसरी ओळख. ब्युरोचा फायदा हा की बाई आली नाही तर बदली मागता येते. तोटा हा की बदली न मागताही येते. आम्ही पहिल्यांदा ब्युरोकडून घेतलं, तर दोन महिन्यांत चार चेहरे. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "हिचं नाव पाठ हुईस्तोवर दुसरी येत्या." अनोळखी बाईच्या हातून अंघोळ घालून घ्यायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाला काय वाटतं, हे आपल्याला ती वेळ येईपर्यंत कळत नाही. शेवटी मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळातून एक मावशी मिळाल्या. त्या अजून आहेत.

ब्युरो असो की ओळख, या गोष्टी कागदावर लिहून घ्या. बारा तास की चोवीस तास. चोवीस तासांची असेल तर तिनं झोपायचं केव्हा आणि कुठं. जेवण कुणाचं. महिन्याला सुट्ट्या किती, सुट्टीच्या दिवशी कोण. ब्युरोचं कमिशन एकदाच की दर महिन्याला. आगाऊ रक्कम दिली आणि माणूस चार दिवसांत गेलं तर परत काय मिळणार. आधारची झेरॉक्स, फोटो, गावचा पत्ता घ्या आणि पोलीस ठाण्यात माहिती द्या. चांगली बाई याचा राग मानत नाही. घरातलं सोनं आधीच बँकेत ठेवा, म्हणजे पुढं कुणावर संशय घ्यायची पाळी येत नाही.

पहिले दोन दिवस रजा काढून घरी थांबा आणि नुसतं बघा. उठवताना ती हाताला धरून ओढते, की आधी कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, मग कंबरेला आधार देते? पहिली असेल तर शिकवा, न शिकली तर बदला. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळ, टाचांवर जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तक्ता काढा: वेळ, कूस, पाणी किती प्यायल्या, शी-शू. बाई लिहिणारी नसेल तर नुसती खूण करू दे. आमच्या मावशी उजव्या कुशीला सूर्य आणि डावीला चंद्र काढतात. डॉक्टरांना कळलं, बास झालं.

कॉट, एअर बेड, व्हीलचेअर, कमोड खुर्ची एकदम विकत घेऊ नका. आधी भाड्यानं घ्या. पेठेतल्या तालमीत, मंडळात, ट्रस्टकडे विचारा. कुणाचं तरी आजोबांच्या माघारी पडून असतंच, आणि ते द्यायला लोकांना बरं वाटतं. न्हाणीत स्टीलचा दांडा आणि खरखरीत मॅट मात्र आजच बसवा. तेवढं त्या वेळी असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

५. सोबत

गावाकडून आणलेल्या माणसाला शहरात पहिली दुखणी लागतात ती बोलायला कुणी नसल्याची. कळंब्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उतरावं तर गुडघे, वर बसावं तर टीव्ही. गावात सकाळी कट्ट्यावर चार माणसं तरी "जेवलासा काय?" विचारायची.

ज्येष्ठ नागरिक संघ बऱ्याच भागांत आहेत, विरंगुळा केंद्रंही आहेत. पण "बाबा, तुम्ही जा" म्हणून कुणी जात नाही. पहिल्या दोन-तीन वेळा स्वतः सोबत जा, एखाद्या सभासदाशी गाठ घालून द्या, आणि पुढच्या वेळी त्या सभासदालाच घ्यायला यायला सांगा. संघाची वर्गणी किरकोळ असते, पण तिथं मिळणारी माहिती फुकटात नसती मिळाली. कुठल्या कचेरीत कुठला साहेब ऐकून घेतो, हे तिथल्या निवृत्त तलाठ्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

बायका अशा संघांत कमी दिसतात. त्यांच्यासाठी भजनी मंडळ, हळदी-कुंकू, देवळातला पारायणाचा गट बघा. सासूबाई आता वॉकर घेऊन शेजारच्या ओसरीपर्यंत जातात, लसूण सोलतात आणि सगळ्या गल्लीची खबर घेऊन येतात. कुठल्याही फिजिओथेरपीनं त्या इतक्या भरभर चालल्या नव्हत्या.

६. पैसे आणि सवलती

थोडक्यात आटोपते, कारण रकमा लहान आणि हेलपाटे मोठे.

श्रावणबाळ योजना ६५ वर्षांपुढच्या निराधारांसाठी, महिना १,५०० रुपये, अर्ज तहसीलदार कचेरीत. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे. इतकी कमी की दोन वेळ नीट जेवणारं घर त्यात कसं बसावं, हे मला उमगलेलं नाही. पण तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या आईसाठी ही माहिती लागेल, तेव्हा लक्षात ठेवा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात येतात. उत्पन्नाची मर्यादा २ लाख. चौकशी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात, विचारे माळ इथल्या सामाजिक न्याय भवनात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे येत नाहीत, आणि का आले नाहीत हे कुणी कळवतही नाही.

एसटीला ७५ वर्षांपुढे प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. गावच्या जत्रेला जायला एवढं पुरतं.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत उचलून नेऊ नका. दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात करून देतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. शाखेत विचारलं की पहिलं उत्तर बहुतेक "तसं काही नसतं" असं येतं. मग मॅनेजरच्या नावे दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मागितली की असतं.

७. एकटे राहणाऱ्यांसाठी

मुलं बाहेरगावी आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्यात दोघंच, अशी घरं आता कमी नाहीत. त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यानं ठेवावी आणि अधूनमधून भेट द्यावी, अशी कायद्याच्या नियमांतच तरतूद आहे. भेटीला कुणी आलं नाही तर महिन्याभरानं आपणच जाऊन आठवण करावी, संकोच नको.

घराची एक किल्ली शेजारी द्या, लेकीकडे नव्हे. लेक हिंजवडीत असते. आणि रात्री न्हाणीची कडी आतून लावायची नाही, हा नियम घरात भांडून का होईना लावा.

नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा: तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. इथं योजनांची माहिती मिळते, छळाची तक्रार करता येते, नुसतं बोलायचं असेल तरी लावता येतो. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी पहिल्यांदा लावला तो पेन्शनचं विचारायला आणि वीस मिनिटं बोलले सुनेबद्दल.

८. घरातच अडचण असेल तर

याचे फोन हळू आवाजात येतात. आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, वकील लावावा लागत नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. स्वतःला जाता येत नसेल तर दुसऱ्या कुणामार्फत किंवा संस्थेमार्फतही अर्ज चालतो.

घर किंवा शेत मुलाच्या नावावर करून देणार असाल तर बक्षीसपत्रातच "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द घालून घ्या. अट असली आणि ती पाळली गेली नाही तर याच कायद्याखाली ते हस्तांतरण रद्द करायची मागणी करता येते. दस्त लिहिणारा म्हणेल, "कशाला आजोबा, घरचंच पोरगं हाय की." त्याचं ऐकू नका.

९. पावसाळ्याची पिशवी

हे दुसऱ्या शहराच्या यादीत सापडणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला ते ५५ च्या वर गेलं. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा सखल भागात घर असेल आणि घरात अंथरुणावरचं माणूस असेल, तर ३९ ची वाट बघू नका. धडधाकट माणूस गुडघाभर पाण्यातून चालत जातो. आजींना खुर्चीत बसवून न्यायला चौघं लागतात आणि रस्ता दिसावा लागतो. कुणाच्या घरी हलवायचं हे जूनमध्येच त्या घराला विचारून ठेवा, ते घर पाणी न येणाऱ्या भागात, पण तळमजल्यावर असावं आणि संडास कमोडचा असावा.

दाराजवळच्या खिळ्याला पिशवी अडकवून ठेवा: पहिल्या पायरीतली फाईल प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पंधरा दिवसांच्या गोळ्या, जादा चष्मा, डायपर, बॅटरी, फोनचा चार्जर. २०२१ च्या जुलैत आमच्या नात्यातल्या एका आजोबांना तालमीच्या पोरांनी खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. मांडीवर फाईल होती, गोळ्या होत्या, स्वेटरसुद्धा होता. कवळी मात्र खिडकीतल्या पेल्यात राहिली, आणि पाणी ओसरेपर्यंत आठ दिवस आजोबा पाहुण्यांच्या घरी तांबड्या रश्श्याच्या वासावर मऊ भात खात बसले. पिशवीत कवळीची डबी सगळ्यात आधी टाका.